लोहाच्या गोळ्या: सहा महिन्यांच्या वापरानंतर

पोटातल्या अल्सरमधून थोडं थोडं रक्त जात राहून हिमोग्लोबिन उतरलेल्यांसाठी हे लिहितोय. फेरस अ‍ॅस्कॉर्बेटची 100 मिलिग्रॅम लोहाची गोळी नाशिकमध्ये कुठल्याही मेडिकलला मिळते आणि काम करते. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण 2 ग्रॅमने चढायला हवं. चढलं नाही तर कंपनी बदलत बसू नका. एक तर गोळी अंगी लागत नाही, नाहीतर भरतंय तेवढंच गळतंय.

सगळ्यात मोठा दोष म्हणजे शौचाचा रंग. गोळीनं शौच काळं होतं आणि पोटातल्या रक्तस्रावानंही काळंच होतं. हे पाकीट हातात देताना कुणी सांगत नाही, याची खरी चीड येते. गोळीचं काळं हिरवट झाक असलेलं, बांधलेलं असतं. रक्ताचं डांबरासारखं चिकट, चकाकणारं, भांड्याला धरून बसणारं. वास इतका उग्र की विसरता येत नाही. तसं दिसलं, सोबत चक्कर किंवा धडधड असली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दिवसाला दोन गोळ्या हव्यातच, हे मत मध्येच बदलावं लागलं. लोह घेतलं की शरीरात हेप्सिडिन हे लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक वाढतं आणि जवळजवळ दिवसभर पुढचं लोह आतड्यातून नीट आत येत नाही. डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड एक घेतली, तर मळमळ कमी होते, पाकीटही जास्त दिवस पुरतं. गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा आणि कॅल्शियम दोन तास लांब ठेवा. द्राक्षांवर भिस्त नको. लोह शोषायला मदत करणारं क जीवनसत्त्व पेरूत कितीतरी जास्त.

अल्सरची पॅन्टोप्राझोल आम्ल कमी करते, म्हणून लोहही कमी शोषलं जातं. पण ती मनानं बंद करू नका. अशा वेळी गोळीनं हिमोग्लोबिन चढत नसेल, तर शिरेतून फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे लोहाचं औषध घेणं बरं. महाग आहे, पण 1000 मिलिग्रॅम पंधरा मिनिटांत जातं. सुई टोचलेल्या जागी आग झाली तर लगेच थांबवायला सांगा. औषध शिरेबाहेर झिरपलं की कातडीवर तपकिरी डाग बसतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही.

द्राक्षछाटणीच्या दिवसांत दुखऱ्या कंबरेसाठी डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी चालू असेल, तर हे सगळं पाण्यात, कारण तिनंच अल्सर चिघळतो. डॉक्टरांना सांगून ती आधी थांबवा. एच. पायलोरी या अल्सर करणाऱ्या जंतूसाठी श्वासाची तपासणीही करून घ्या. त्याआधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद असावं लागतं, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. हिमोग्लोबिन जागेवर आलं तरी गोळी आणखी तीन महिने चालू ठेवा आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासूनच सोडा.