नेट-जेआरएफ की बार्टी-सारथी?

पुण्यात एम.ए. संपत आलं की पीएच.डी.चा खर्च कसा भागवायचा, हा प्रश्न पडतोच: देशपातळीवरच्या नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणारे पैसे), की बार्टी-सारथी या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती? माझं मत आधीच सांगते: वय बसत असेल तर जेआरएफचा प्रयत्न सोडू नका.

कारण क्रम. जेआरएफ आधी हातात येते, प्रवेश नंतर. गाईडसमोर तुम्ही स्वतःचे पैसे घेऊन उभे राहता, विद्यापीठही बदलू शकता. बार्टी आणि सारथीच्या अधिछात्रवृत्तीला उलटं असतं. पीएच.डी.ची नोंदणी झालेली हवी, मग जाहिरात, अर्ज, कागदपत्रांची पडताळणी. ते महिने घरून पैसे मागून काढावे लागतात, आणि औंध-बाणेरच्या खोलीभाड्यात ते सोपं नाही.

जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफचे (वरिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचे) ४२,०००, वर घरभाडे भत्ता. परीक्षा साधारण जून आणि डिसेंबरला. खुल्या गटाला वयाची अट ३० वर्षांची. मुलींना, ओबीसी नॉन-क्रीमीलेयर आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सूट.

पण स्पर्धा देशभराची आहे, आणि गावाकडून आलेल्या कितीतरी हुशार मुलांची जेआरएफ एखाद-दुसऱ्या गुणाने हुकते. त्यांच्यासाठी बार्टी (अनुसूचित जाती) आणि सारथी (मराठा, कुणबी) हा खरा आधार आहे. दोन्हींची मुख्यालयं पुण्यातच, म्हणजे शंका प्रत्यक्ष जाऊन विचारता येते. जातीचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र मात्र आजच काढून ठेवा. जाहिरात आल्यावर तहसील कार्यालयात धावाधाव नको.