एम. ए. अर्थशास्त्र, पुणे : तीन सत्रांनंतरचा अनुभव

मी बी. कॉम. झाले ती २०१७ साली, पुण्याबाहेरच्या एका विद्यापीठातून. त्यानंतर सात वर्षे भोसरीतल्या एका कारखान्याच्या लेखा विभागात नोकरी केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात दोन वर्षांच्या एम. ए.ला प्रवेश घेतला. आता तीन सत्रे संपली असून चौथे चालू आहे. विद्यापीठाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि ज्यांच्याविषयी त्या आहेत त्यांच्याशी माझी अजून काही महिने रोज गाठ आहे.

माहितीपुस्तिकेत पात्रतेची ओळ एवढीच होती : कोणत्याही शाखेची पदवी, खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५ टक्के आणि विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. परीक्षा शंभर गुणांची, बहुपर्यायी. त्यांपैकी वीस गुण सामान्य ज्ञान व तर्काला आणि ऐंशी गुण अर्थशास्त्राला. अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके आणि स्पर्धा परीक्षेचे एक जाडजूड मार्गदर्शक एवढ्या भांडवलावर मी ती उत्तीर्ण झाले, आणि इथेच माझी पहिली फसगत झाली. परीक्षेत व्याख्या, समित्या, पंचवार्षिक योजना यांचाच भरणा होता. गणित जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे पुढचे शिक्षणही याच जातकुळीचे असेल, असा माझा समज झाला. पात्रता ठरवणारे कागद आणि वर्गात लागणारी तयारी यांचा एकमेकांशी किती कमी संबंध असतो, हे पहिल्या पंधरवड्यात कळले.

त्याआधी कागदपत्रांविषयी थोडेसे, कारण नव्याने प्रवेश घेणारे बहुतेक जण इथेच अडखळतात. पदवी प्रमाणपत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि स्थलांतर प्रमाणपत्र हे तीन वेगवेगळे कागद आहेत. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्यांचा प्रवेश स्थलांतर प्रमाणपत्र जमा होईपर्यंत तात्पुरता राहतो. माझ्या जुन्या विद्यापीठाने ते द्यायला सहा आठवडे लावले आणि शेवटी रजा काढून मला स्वतः जावे लागले. शिक्षणात खंड असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र लागते. मिळवलेले क्रेडिट जिथे साठवले जातात त्या शैक्षणिक श्रेयांक पेढीतला, म्हणजे एबीसीचा क्रमांक लागतो. नॉन-क्रीमी लेयर लागणार असेल तर तो उन्हाळ्यातच काढून ठेवावा, कारण जूनमध्ये सेतू केंद्रावर जी रांग लागते ती प्रवेशाच्या मुदतीकडे पाहत नाही. आणखी एक गैरसमज वर्गातल्या अनेक मुलींचा होता. मुलींची फी माफ करणारा जुलै २०२४ चा राज्य शासनाचा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, साध्या एम. ए.ला तो लागू पडत नाही. अर्थात आमची वर्षाची फी माझ्या तेव्हाच्या महिन्याच्या पगारापेक्षा कमीच होती, त्यामुळे तिच्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम. ए.चा साचा बदलला आहे आणि तो समजून न घेता अर्ज भरणे धोक्याचे आहे. आमच्याकडे चार सत्रांचे मिळून ८८ श्रेयांक आहेत, म्हणजे ज्याला सगळे क्रेडिटच म्हणतात ते, दर सत्राला २२. एका वर्षानंतर बाहेर पडल्यास पदव्युत्तर पदविका मिळते. ज्यांनी चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली आहे त्यांना एम. ए. एका वर्षात करता येते. हे सगळे पुस्तिकेत होते. नव्हता तो त्याचा हिशेब. तासिकांचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात पंधरा तास. मग बावीस श्रेयांकांचे सुमारे ३३० तास होतात, आणि पंधरा आठवड्यांत ते बसवायचे तर आठवड्याला बावीस तास वर्गात बसावे लागते. प्रकल्पाच्या एका श्रेयांकाला तर तीस तास धरतात. नोकरी सांभाळून नियमित एम. ए. करण्याचा माझा बेत या एका गुणाकारात संपला, आणि हा गुणाकार मी प्रवेशानंतर केला, ही चूक माझीच. सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला. आता संध्याकाळी दोन दुकानांचे जीएसटीचे विवरणपत्र भरते, त्यावर पुस्तके आणि बसचा पास निघतो.

आता गणिताविषयी. समवृत्ती वक्र (सारखेच समाधान देणाऱ्या वस्तूंच्या जोड्यांचा) आणि किंमत रेषा (हातातल्या पैशांत बसणाऱ्या जोड्यांची) जिथे एकमेकांना स्पर्श करतात तिथे ग्राहकाचा समतोल असतो, हे बी. कॉम.ला मी आकृती काढून पाठ केले होते. एम. ए.च्या दुसऱ्याच तासाला तीच गोष्ट फळ्यावर लाग्रांजच्या पद्धतीने आली, आंशिक विकलन करून, आणि वर्गातले अर्धेअधिक लोक वहीत नुसते उतरवून घेत राहिले. मी त्यांतलीच. अकरावीला वाणिज्य शाखेत गणिताऐवजी सचिवाची कार्यपद्धती घेतल्याचा पश्चात्ताप इतक्या वर्षांनी असा वर येईल असे वाटले नव्हते. महिनाभर दुपारी ग्रंथालयात बसून बारावीचे विकलन पुन्हा केले. मग एके दिवशी त्या समीकरणातल्या लॅम्डाचा अर्थ सरांनी साध्या शब्दांत सांगितला : खर्चायला आणखी एक रुपया मिळाला, तर उपयोगिता, म्हणजे मिळणारे समाधान, जेवढी वाढेल तेवढा लॅम्डा. पगारवाढीची फाइल सात वर्षे हाताळलेल्या बाईला या वाक्यात जे दिसले ते बाविशीतल्या मुलांना दिसले असेल की नाही, शंकाच आहे. पण विकलन आले नसते, तर मलाही ते दिसले नसते.

अर्थमितीच्या, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याच्या, पेपरात हीच कथा मॅट्रिक्सच्या रूपाने पुन्हा घडली. विभागाने सत्रारंभी गणिताची दोन आठवड्यांची उजळणी ठेवावी असे आम्ही लेखी दिले होते. सुरुवातीला तीन तास झाले, पुढे वेळापत्रकात जागा उरली नाही. पात्रतेचे दार सर्व शाखांना उघडायचे, तर ही उजळणी विभागाची जबाबदारी ठरते. ती पार न पाडता नापासांच्या यादीकडे बोट दाखवणे मला अन्यायाचे वाटते.

ज्या विषयाकडून माझी काहीच अपेक्षा नव्हती, तो मात्र सगळ्यांत मोलाचा निघाला. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे चार श्रेयांक सक्तीचे आहेत. बहुतेक ठिकाणी हा पेपर परिकल्पनेच्या व्याख्येत आणि नमुना निवडीच्या प्रकारांत संपतो, असे ऐकून होते. आमच्या बाईंनी आम्हांला नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची, म्हणजे पीएलएफएसची, कुटुंबनिहाय मूळ आकडेवारी उतरवून घ्यायला लावली आणि महाराष्ट्राचा बेरोजगारीचा दर स्वतः काढायला सांगितला. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा दर वेगळा आणि सगळ्यांचाच चुकलेला. कारण प्रत्येक नमुना कुटुंबाला दिलेला गुणक वापरायचा असतो, हे कोणीच केले नव्हते. मोजलेली माणसे तेवढी आम्ही मोजली होती, ती किती माणसांच्या वतीने मोजली गेली हे पाहिलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी गुणक लावला तरी छापील आकडा जुळेना, कारण निम्म्या वर्गाने नेहमीची, म्हणजे मागच्या वर्षभरातली, स्थिती धरली होती आणि निम्म्याने चालू साप्ताहिक स्थिती, ज्यात आठवड्यात एक तास काम केलेली व्यक्तीही रोजगारात धरली जाते. वर्तमानपत्रातला बेरोजगारीचा आकडा मी आता कपाळाला आठी घालून वाचते, आणि त्याचे श्रेय त्या दोन दिवसांना आहे.

ऐच्छिक विषयांची यादी मात्र पाहुण्यांसाठी लावलेल्या ताटासारखी निघाली. पुस्तिकेत सात विषय, प्रत्यक्षात दोन. बाकीच्यांना पुरेसे विद्यार्थी नाहीत किंवा शिकवायला माणूस नाही. मला कृषी अर्थशास्त्र हवे होते, मिळाले सार्वजनिक आयव्यय, म्हणजे सरकारचा जमाखर्च. दुसऱ्या सत्रातल्या कार्यप्रशिक्षणाची, म्हणजे ओजेटीची, गतही अशीच. १२० तासांचे काम कुठे करायचे ते विद्यार्थ्याने स्वतः शोधायचे, विभाग फक्त पत्र देतो. मला जागा मिळाली ती एका कर सल्लागाराच्या कार्यालयात, आणि तिथे मी बिलांच्या नोंदी केल्या. जी नोकरी सोडून आले, तीच चार श्रेयांकांसाठी फुकट केली.

माध्यमाविषयी अनेकांना प्रश्न असतो. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते आणि मी दोन पेपर तशा लिहिल्याही, पण वाचन जवळजवळ सगळे इंग्रजीत आहे. शिवाय मराठी परिभाषा एकसारखी नाही. बारावीच्या पुस्तकात जे स्थूल अर्थशास्त्र, तेच जुन्या संदर्भग्रंथांत समग्रलक्ष्यी, आणि वर्गात शिक्षकांपासून सगळे म्हणतात मॅक्रो. ज्या शहरात धनंजयराव गाडगीळ यांच्या गोखले संस्थेत १९३० पासून अर्थशास्त्राचा अभ्यास चालतो, जिथे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी रोजच्या २२५० उष्मांकांवरून दारिद्र्याची रेषा कशी काढायची हे १९७१ मध्ये मांडले, तिथे पदव्युत्तर पातळीवर एक ठरलेला मराठी शब्द नसावा, हे मला खटकते.

वर्गातले निदान निम्मे विद्यार्थी मनाने एमपीएससीत आहेत. पुण्यात राहायला कारण हवे, वसतिगृह हवे, अभ्यासिका हवी, म्हणून एम. ए. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही, पण आठवड्याला बावीस तास आणि पन्नास टक्के अंतर्गत मूल्यमापन असताना हे दोन घोड्यांवरचे बसणे जमत नाही. दुसऱ्या सत्रानंतर आमच्या रांगेतले चार बाक रिकामे झाले. प्राध्यापकीसाठी नेट ही पात्रता परीक्षा द्यायची असेल तर एम. ए.ला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के लागतात, नुसते उत्तीर्ण होऊन भागत नाही, हेही अनेकांना तिसऱ्या सत्रात समजले.

चौथ्या सत्राचा प्रकल्प सहा श्रेयांकांचा आहे. देशातल्या पंधरा आणि त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांचा श्रमसहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचे प्रमाण, पीएलएफएसनुसार २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. या वाढीत घरच्याच उद्योगात बिनपगारी हात लावणाऱ्या बायका किती, हे मी महाराष्ट्रापुरते तपासते आहे. माझी आई गावाकडे शेवंतीच्या शेतात पहाटे चार वाजल्यापासून फुले तोडते आणि विचारले तर काही काम करत नाही म्हणून सांगते. तिची नोंद कोणत्या सांकेतिक क्रमांकाखाली जाईल, हे सध्या माझ्या मार्गदर्शक बाई आणि मी दर गुरुवारी ठरवत बसतो.