उद्यमनगरातला पाच टनी हँडल जॅक: एका हंगामाच्या वापरानंतर

गेल्या गाळप हंगामाच्या तोंडावर कोल्हापूरच्या उद्यमनगरातून हाताने फिरवायचा पाच टनी स्क्रू जॅक घेतला. हंगाम संपल्यावर तो पूर्ण खोलला, डिझेलने धुतला, आतले भाग मोजले आणि मग हे लिहायला बसलो. निकाल आधीच सांगतो. उसाने भरलेल्या ट्रॉलीखाली, रानात, अंधारात ज्याच्यावर भरवसा ठेवावा असं हे काम आहे. त्याचा तळ लहान आहे आणि उचल कमी आहे, हे दोन दोष खरे आहेत. तरीही मी दुसरा सांगून ठेवलाय.

माझी शिरोळ तालुक्यात ट्रॉली दुरुस्तीची शेड आहे. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की आमच्याकडे रात्र आणि दिवस असा फरक राहत नाही. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यात फाळक्यांच्या, म्हणजे बाजूच्या फळ्यांच्या, वर रचलेला ऊस, आणि वाट म्हणजे पाटाच्या कडेचा काळ्या मातीचा रस्ता. चाक बसतं ते तिथेच. एका चारचाकी ट्रॉलीत माल आणि गाडी मिळून दहा टन धरले तर एका चाकावर अडीच टन येतात, आणि ट्रॉली एका अंगाला कललेली असली तर त्याहून जास्त. म्हणून तीन टनी जॅकच्या वाटेला मी जात नाही. पाच टनीच हवा.

बाहेरून पाहिलं तर जॅक साधा आहे. बिडाची बॉडी, खाली चौकोनी तळ, बाजूला बाहेर आलेला शाफ्ट आणि त्यावर बसणारं वाकडं हँडल. हँडलचा हात वीस सेंटिमीटरचा. मुठीवर सैल पाइप घातलाय, तो हातात स्थिर राहतो आणि आतली सळई फिरते, त्यामुळे तळहाताला फोड येत नाहीत. मिटलेली उंची २३ सेंटिमीटर, उचल १४ सेंटिमीटर, वजन दहा किलोच्या आसपास. डोक्यावर खाचा पाडलेली सपाट टोपी आहे. ट्रॉलीचा अ‍ॅक्सल चौकोनी बारचा असतो, त्याला ही टोपी छान धरते.

खरी करामत आत आहे. हँडलच्या शाफ्टवर बारा दात्यांचा लहान बेव्हल गिअर, म्हणजे फिरणं काटकोनात वळवणारा तिरक्या दात्यांचा गिअर, तो छत्तीस दात्यांच्या मोठ्या गिअरला फिरवतो. मोठा गिअर उभ्या स्क्रूच्या बुडाशी चावीने बसवलेला आहे आणि त्याच्याखाली थ्रस्ट बॉल बेअरिंग, म्हणजे वरून येणारा भार गोळ्यांवर पेलणारं बेअरिंग. स्क्रू जागेवरच फिरतो, वर येत नाही. वर येते ती त्याच्याभोवतीची नळी, कारण गनमेटलचा, म्हणजे तांब्या-कथलाच्या मिश्रधातूचा, नट या नळीत पक्का केलाय आणि नळी फिरू नये म्हणून बॉडीत खाच देऊन तिला अडवलंय. या रचनेचे दोन फायदे रोज हाताला लागतात. एक, डोकं फिरत नाही. सळई घालून फिरवायच्या जुन्या जॅकमध्ये स्क्रूच फिरत वर जातो आणि वरची वाटी मोकळी फिरणं अपेक्षित असतं. ती वाटी गंजून जाम झाली की जॅक अ‍ॅक्सलला बरोबर घेऊन फिरायला बघतो, आणि भरलेल्या ट्रॉलीखाली ते फार वाईट. दुसरं, आटे कायम नळीच्या आत झाकलेले राहतात. चिखल, पाचट, यार्डातली धूळ यांचा त्यांना स्पर्श होत नाही. हंगामानंतर खोलला तेव्हा आट्यांवरचं ग्रीस काळं झालं होतं, पण त्यात वाळूचा एक कण बोटाला लागला नाही.

बेअरिंगबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण स्वस्त जॅकमध्ये कात्री इथेच लागते. बेअरिंगऐवजी नुसता लोखंडी वॉशर टाकतात. सगळा भार त्या वॉशरवर दाबून फिरतो, आणि आट्यांना जेवढं घर्षण खातं जवळपास तेवढंच तो वॉशर खातो. माणसाला वाटतं जॅक जड आहे. जॅक जड नसतो, त्याच्या बुडाशी वाचवलेले शंभर-दोनशे रुपये जड असतात.

आता आकडे. माझी डिप्लोमाची वही अजून शेडमध्येच आहे, तिच्याशी पडताळून घेतलेत. स्क्रू ३६ मिलिमीटर व्यासाचा, पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर, ६ मिलिमीटर, ट्रॅपिझॉइडल आटे, म्हणजे दोन बाजूंमधला कोन ३० अंशांचा. चौकोनी आटे घर्षणात थोडे सरस असतात हे खरं, पण ते पाडायला वेळ लागतो आणि त्यांचं बूड अरुंद असतं. ट्रॅपिझॉइडल आटा बुडाशी रुंद असतो, लेथवर नीट निघतो, कारखानदाराला परवडतो. या निवडीशी मी पूर्ण सहमत आहे.

हँडलचा एक फेरा म्हणजे स्क्रूचा तिसरा हिस्सा फेरा, म्हणजे दोन मिलिमीटर उचल. हाताने केलेल्या कामापैकी साधारण चौथा हिस्साच भार उचलायला लागतो, बाकीचं घर्षणात जातं. तरीसुद्धा अडीच टन उचलायला मुठीवर १६ किलोच्या आसपासच जोर लागतो. पाच टनांना तो बत्तीसवर जातो, तो मात्र एका हाताचा खेळ राहत नाही. १४ सेंटिमीटरची पूर्ण उचल म्हणजे हँडलचे सत्तर फेरे. दम लागतो. पण पहिला फेरा आणि सत्तरावा फेरा यांना जोर सारखाच लागतो, हे मला फार मोलाचं वाटतं. कारच्या डिकीतल्या कात्री जॅकचं तसं नसतं. तो पूर्ण बसलेला असताना सगळ्यात जड जातो, म्हणजे नेमका तेव्हा, जेव्हा माणूस जमिनीवर आडवा होऊन हँडल फिरवत असतो.

तीन चतुर्थांश मेहनत वाया जाते हे वाचून कुणी नाक मुरडेल. पण त्या वाया जाण्यातच या जॅकची सगळी सुरक्षितता आहे. स्क्रूचा आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला घाट. या स्क्रूवर त्या घाटाचा चढ ३.३ अंशांचा भरतो. लोखंड आणि गनमेटल यांच्यातलं घर्षण, ग्रीस घातलेलं असतानाही, सहा ते नऊ अंशांच्या चढापर्यंत भाराला धरून ठेवू शकतं. चढ या मर्यादेपेक्षा, म्हणजे घर्षणकोनापेक्षा, कमी असला की भार कितीही दाबला तरी नट आपणहून खाली घसरत नाही. हँडल सोडा, चहा प्या, ट्रॉली तिथेच. ज्या स्क्रूची कार्यक्षमता पन्नास टक्क्यांच्या वर जाते तो हात सोडताच उलटा फिरतो, हे गणित आहे आणि त्यातून सुटका नाही. या जॅकमध्ये भार उतरवतानाही हँडल जोर लावून फिरवावं लागतं, चढवताना लागतो त्याच्या निम्म्याहून थोडा कमी. नव्या पोरांना मी तो जोर मुद्दाम हाताने घ्यायला लावतो. उतरवताना हँडल हलकं फिरायला लागलं तर समजा, हा जॅक भरवशाचा उरलेला नाही.

मागे एका दुकानातून मी 'फास्ट' म्हणून विकलेला जॅक आणला होता. निम्म्या फेऱ्यांत उचलायचा. खोलून पाहिलं तर दुहेरी आटे, म्हणजे एका फेऱ्यात बारा मिलिमीटर. चढ थेट साडेसहा अंशांवर गेलेला. कोरडा असताना तो धरून राहायचा. नवं ग्रीस भरलं, शेजारून एक ट्रॅक्टर धडधडत गेला आणि हँडल आपणहून सुटलं. अ‍ॅक्सलखाली घोडी, म्हणजे भार पेलणारा लोखंडी स्टँड, लावलेली होती म्हणून फक्त हँडलचा फटका मनगटाला बसला. उद्यमनगरात हा जॅक घेताना वर्कशॉपवाल्यांना विचारलं, मामा, दुहेरी आट्यांचा का करत नाही, गिऱ्हाईक लवकर उचलणारा मागतंय. त्यांनी हातातला नट पुसत सांगितलं, "उचलंल की. आणि तेवढ्याच घाईनं उतरंल बी." ऑइल इंजिनांनी नाव कमावलेल्या त्या गल्ल्यांत अजून अशी माणसं आहेत, ज्यांना मागणी येऊनही काही वस्तू करायच्या नसतात. त्यांच्यासाठी मी दोन पैसे जास्त द्यायला तयार आहे.

भार उचलणं एक आणि धरून ठेवणं दुसरं, हे जुन्या लोकांनी फार मोठ्या कामात पारखून घेतलंय. १८६० साली शिकागोत लेक स्ट्रीटवरची दुकानांची सलग रांग, तीनशेवीस फूट लांब, सहा हजार स्क्रू जॅक लावून सहाशे माणसांनी पाच दिवसांत साडेचार फुटांहून जास्त उचलली. दुकानं चालू असताना. प्रत्येक माणसाकडे दहा जॅक येतात. तो एक फिरवत असताना बाकीचे नऊ आपापला भार धरून उभे राहतात म्हणूनच हे शक्य झालं.

हायड्रॉलिक बाटली जॅकला मी नावं ठेवणार नाही. शेडमधल्या काँक्रीटच्या जमिनीवर मी तोच वापरतो, चार दांडे मारले की ट्रॉली वर. पण तो भार धरतो तेलावर आणि रबरी सीलवर. सील थकलं की रात्री वर ठेवलेलं सकाळी दोन बोटं खाली आलेलं असतं. शिवाय साधा बाटली जॅक उभाच चालतो. हा स्क्रू जॅक आडवा धरा, तिरका धरा, त्याला फरक पडत नाही. वाकलेला फाळका सरळ करायला, चेपलेली चेसिस आतून रेटायला मी हाच आडवा लावतो, आणि त्या कामात त्याने जॅकच्या कामाइतकीच किंमत वसूल करून दिलीय.

आता दोष. तळ १३ सेंटिमीटर चौरस आहे. अडीच टन त्यावर आले की मातीवर दर चौरस सेंटिमीटरला जवळपास पंधरा किलो दाब पडतो. पाणी पाजलेल्या काळ्या मातीत एवढा दाब म्हणजे ट्रॉली वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो, तोही तिरका होऊन. मी बाभळीची दीड फुटी चौरस जाड फळी कायम गाडीत ठेवतो, तिने दाब सव्वा किलोच्या आसपास येतो. जॅक ज्या भागात विकला जातो तिथली माती बनवणाऱ्याला ठाऊक आहे. मोठा तळ किंवा सुटी लोखंडी प्लेट जॅकबरोबरच मिळायला हवी.

दुसरा दोष उचलीचा. मोठ्या टायरचं चाक पार रिमवर बसलेलं असलं तर हवा भरलेलं दुसरं चाक बसवायला वीसेक सेंटिमीटर वर जावं लागतं. १४ सेंटिमीटरमध्ये ते एका दमात होत नाही. एकदा उचलायचं, अ‍ॅक्सलखाली लाकडी ठोकळे रचायचे, जॅक मिटवून त्याच्याखाली दुसरा ठोकळा घालायचा आणि पुन्हा उचलायचं. पावसात हे फार जिवावर येतं. एकात एक बसणाऱ्या दोन स्क्रूंचा जॅक करता येतो, पण आतला स्क्रू बारीक होतो, आणि बारीक उंच दांड्यावर भार आला की तो दबण्याआधी वाकतो. तो करायचा तर बाहेरचा स्क्रू जाड घ्यावा लागेल, वजन पंधरा किलोवर जाईल. मला चालेल. मामांना तसं सांगून आलोय.

तिसरी गोष्ट किरकोळ. हँडलचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे फेल्टचा वॉशर नाही. गिअरच्या खणात थोडं पाणी शिरलं होतं, मोठ्या गिअरच्या पाठीवर गंजाची पुसट झाक होती. मी स्वतः फेल्ट कापून घातलं.

नळी पूर्ण वर गेली की नट स्क्रूच्या टोकावरच्या जाड वॉशरला अडतो, त्यामुळे ती निघून हातात येत नाही. तरी मी नळीवर वरच्या मर्यादेच्या एक बोट आधी लाल रंगाचा पट्टा मारून घेतलाय, अंधारात टॉर्च टाकली की दिसतो. आणि जॅक कितीही चांगला असला तरी ट्रॉलीखाली अंग घालायचं ते घोडी लावल्यावर, आणि पलीकडच्या चाकांना दोन्ही अंगांनी दगड लावूनच. माझ्या शेडमध्ये हे न करणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही.

झीज पाहायची तर नटाची पाहायची. गनमेटल मऊ, स्क्रू ईएन ८ पोलादाचा. झिजायचं ते नटाने, कारण तो स्वस्त आणि बदलता येणारा. नळी धरून वर-खाली हलवली की आट्यांमधला खेळ हाताला कळतो. या पिचच्या आट्याची मधल्या व्यासावरची जाडी तीन मिलिमीटर असते. त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे पाऊण मिलिमीटर झिजला की नट बदलायचा. माझ्या जॅकचा खेळ अजून जाणवेल इतकाही नाही. नवा नट त्यांच्याकडे सुटा मिळतो आणि दोन ग्रब स्क्रू काढून घरी बसवता येतो.

मला साडेतीन हजारांच्या आसपास पडला. घ्यायला गेलात तर जॅकवर भार देऊन हँडल उलटं फिरवून जोर लागतो का ते बघा, बूड उघडून बेअरिंग दाखवायला सांगा, आणि तळाखालची प्लेट तिथेच कापून, जॅकच्या मापाच्या कडा वेल्ड करून मागून घ्या.