गावातली बाई की शहरातला एमएसडब्ल्यू?

सामाजिक संस्थेत जागा एकच असेल तर कुणाला घ्यायचं?

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण झालेला तरुण अहवाल, बजेट, देणगीदारांचा पत्रव्यवहार लगेच सांभाळतो. पण दोनेक वर्षांत बरेचजण निघून जातात. त्यात त्यांचा दोष नाही. आपण पगारच तेवढा देतो.

गावातल्या बाईला संगणक शिकवावा लागतो. मात्र कुणाच्या घरी बाळंतपण जवळ आलंय, हे तिला आधीच ठाऊक असतं. जामखेडला १९७० मध्ये काम सुरू केलेल्या डॉक्टर आरोळे दांपत्याने अल्पशिक्षित, कधी निरक्षर बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून घडवलं. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

गावपातळीवरच्या कामाला मी तिलाच घेईन. हिशेबाला तालुक्यातला बीकॉम झालेला कुणी अर्धवेळ मिळतो.