गच्चीवर सोलर: सोसायटीच्या मीटरवर की ज्याच्या त्याच्या मीटरवर?

बंगलेवाल्यांना हा प्रश्नच नाही. आपल्यासारख्या सांगली, अकोला, नाशिककडच्या फ्लॅटवाल्यांना मात्र पॅनेल कुठलं घ्यायचं याच्याआधी ते कुणाच्या मीटरला जोडायचं हे ठरवावं लागतं.

नुसते पैसे बघितले तर स्वतःच्या मीटरवर घेणं फायद्याचं. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत घराला २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार, ३ किंवा जास्त घेतलं तर एकूण ७८ हजार सबसिडी आहे, आणि सोसायटीच्या सामाईक कनेक्शनला किलोवॅटमागे १८ हजारच. शिवाय घरचं बिल उतरलेलं लगेच दिसतं, लिफ्ट आणि पंपाचं बिल कमी झालं तर मेन्टेनन्समध्ये ते कुणाला जाणवतही नाही.

पण जागेचं काय? किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची गच्ची लागते, टाकी आणि जिन्याची खोली सोडून जे उरतं त्यात वीस फ्लॅटचे तीन-तीन किलोवॅट बसत नाहीत, म्हणजे आधी आलेले चारपाच जण लावणार आणि बाकीचे बघत बसणार. १९७० चा अपार्टमेंट कायदासुद्धा छप्पर सामाईकच धरतो. हे प्रत्येक सोसायटीच्या भांडणावर सोडण्यापेक्षा राज्याने वाटणीचा नियम कायद्यातच घालावा असं मला मनापासून वाटतं.

माझं मत ठरलं ते वॉटरप्रूफिंगमुळे. बहिणीच्या सोसायटीत काहींनी स्वतःचं सोलर लावलेलं, वरच्या मजल्यावर गळती सुरू झाली, आता गच्चीचं काम करायचं तर सगळी स्ट्रक्चर उचलायला हवीत, मग ती कुणी उचलायची, परत बसवायचा खर्च कुणाचा, तेवढ्या दिवसांचे बुडालेले युनिट कोण भरून देणार, यावर मीटिंगवर मीटिंग झाल्या आणि तोवर पावसाळा आला, वरच्या घरात जागोजागी बादल्या. सोलर एका मालकीचं असतं तर एका ठरावात काम झालं असतं. आमच्याकडे विषय निघाला तेव्हा मी सामाईकच्या बाजूने हात वर केला.

त्यात भाडेकरूंनाही थोडा फायदा पोचतो, आणि पार्किंगमधलं गाड्यांचं चार्जिंग त्याच मीटरवर घेता येतं, सबसिडीत तेही धरलंय. फक्त साईज वर्षभराची बिलं बघून ठरवा. वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात खरे, पण आर्थिक वर्ष संपलं की हिशोब मिटतो आणि शिल्लक युनिट वीज कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने घेते, आपल्या बिलाच्या दराने नाही, त्यामुळे गरजेपेक्षा मोठं लावण्यात अर्थ नाही.

चारसहा फ्लॅटची बिल्डिंग असेल, सगळ्यांचं जमत असेल, तर ज्याचं त्याने घेणंही चुकीचं नाही म्हणा. पण मग आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरकून घ्या, आणि पुढे काम निघालं तर पॅनेल कोण आणि कुणाच्या खर्चाने हलवणार हे एनओसीतच लिहून घ्या.