पोस्टग्रेएसक्यूएलमधील नोंदींच्या जुन्या प्रती आणि व्हॅक्यूम: आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या दूध संकलनाचा हिशेब गेले आठ महिने पोस्टग्रेएसक्यूएल १६ या डेटाबेसवर चालतो आहे आणि त्याच्या देखभालीची जबाबदारी माझ्याकडे आहे. सुमारे १२ हजार उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, म्हणजे शिल्लक रकमेच्या टेबलमध्ये रोज २४ हजार बदल होतात. पोस्टग्रेएसक्यूएल जुनी नोंद जागेवर पुसत नाही; नवी प्रत लिहिते आणि जुनी तशीच ठेवते. त्यामुळे कोणी अहवाल वाचत असताना लिहिणाऱ्याला थांबावे लागत नाही आणि वाचणाऱ्याच्या आकड्यांत मध्येच बदल होत नाही. हा गुण मला इतका मोलाचा वाटतो की त्यासाठी पुढची सारी देखभाल मी आनंदाने करतो.

तिसऱ्या महिन्यात मात्र हे छोटे टेबल फुगत गेले आणि साधी क्वेरीही (माहितीची विचारणा) रेंगाळू लागली. निरुपयोगी झालेल्या जुन्या प्रती साफ करण्याच्या कामाला व्हॅक्यूम म्हणतात; ते आपोआप करणारे ऑटोव्हॅक्यूम बंद असावे असा माझा पहिला तर्क होता. पण ते नियमित चालत होते आणि तरीही मृत नोंदींचा, म्हणजे अशा जुन्या प्रतींचा, आकडा खाली येत नव्हता. चालू सत्रांची यादी देणारे पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी पाहिल्यावर कारण सापडले. अहवालाच्या एका प्रोग्रामने सर्व आकडे एकाच क्षणाचे मिळावेत म्हणून रिपीटेबल रीड पातळीवर (जिथे सुरुवातीच्या क्षणाचेच चित्र शेवटपर्यंत दिसते) ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कामांचा गट, उघडले होते आणि ४० दिवस ते बंदच केले नव्हते. त्या क्षणानंतरच्या साडेनऊ लाख जुन्या प्रती कदाचित त्याला लागतील, म्हणून सर्व्हरने त्या जपून ठेवल्या होत्या. ते सत्र मी संपवले आणि ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून रिकामे बसलेले सत्र तोडणारे आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट हे सेटिंग १० मिनिटांवर आणले. साध्या व्हॅक्यूमने मोकळी झालेली जागा पुन्हा वापरात येते, पण फाइल सहसा आकसत नाही. म्हणून दुपारी, दोन संकलनांच्या मधल्या वेळेत, टेबल नव्याने लिहून फाइल लहान करणारे व्हॅक्यूम फुल चालवले; ही वेळ निवडली, कारण ते चालू असताना त्या टेबलचे वाचनसुद्धा थांबते.

संकलनाच्या मोठ्या टेबलची अडचण निराळी निघाली. तेथे आता ५७ लाखांहून अधिक नोंदी आहेत आणि दर १० दिवसांच्या बिलाला सुमारे २ लाख ४० हजार नोंदींवर बिल झाल्याची खूण पडते. मूळ सेटिंगप्रमाणे टेबलचा २० टक्के भाग मृत झाल्यावरच ऑटोव्हॅक्यूम जागे होते, म्हणजे येथे जवळजवळ पाच बिले उलटल्यावर. फक्त त्या टेबलपुरते हे प्रमाण ०.०२ (२ टक्के) केल्यापासून प्रत्येक बिलानंतर सफाई होते.

बॅकअपसाठी रोज रात्री डेटाबेसची प्रत फाइलमध्ये काढणारे पीजी_डंप चालते आणि दर रविवारी तो दुसऱ्या मशीनवर उतरवून पाहतो. पहिल्याच रविवारी कळले की त्यात वापरकर्त्यांची खाती येत नाहीत. ती पीजी_डंपऑलने वेगळी काढावी लागतात, आणि आता ती फाइलही त्याच फोल्डरमध्ये जाते.