ग्रंथपालाने संख्याशास्त्र कशावर शिकावे : एक्सेल, एसपीएसएस, जामोवी की आर?

महाविद्यालयीन ग्रंथपालाला संख्याशास्त्राची गरज बहुधा दोन निमित्तांनी भासते. नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) स्वयं-अध्ययन अहवालासाठी ग्रंथालयाच्या दैनंदिन वापराचे आकडे मांडावे लागतात, किंवा पीएच.डी.साठी गोळा केलेल्या प्रश्नावल्यांचे विश्लेषण समोर येऊन ठाकते. निमित्त कोणते यावर साधन ठरायला हवे. पण बहुतेक जण तो विचार न करता एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरच्या कार्यशाळेला नाव नोंदवतात, कारण आधीच्या प्रबंधांत तेच नाव वाचलेले असते.

तुलनेसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कला शाखेच्या 300 विद्यार्थ्यांपैकी 90 जण आणि वाणिज्य शाखेच्या 200 पैकी 80 जण ई-संसाधने वापरतात, म्हणजे प्रमाण अनुक्रमे 30 आणि 40 टक्के आहे. हा फरक केवळ योगायोगाने पडू शकेल एवढाच आहे का, हे काय-वर्ग चाचणीने तपासता येते.

एक्सेलमध्ये ही चाचणी करता येते. मात्र प्रत्येक चौकटीतील अपेक्षित वारंवारता (दोन्ही शाखांत काही फरक नसता तर आला असता तो आकडा) आपणच काढून दुसरा तक्ता तयार करावा लागतो. हे कंटाळवाणे काम एकदा हाताने केलेले बरे, कारण चाचणी कशाची तुलना कशाशी करते हे त्यातूनच उमगते. इश्यू-रिटर्नच्या नोंदी, गेट रजिस्टरवरची महिनावार उपस्थिती, विषयवार खरेदी आणि वापर यांची सांगड घालायला पायव्हट टेबल, म्हणजे नोंदींची गटवार बेरीज मांडणारा तक्ता, पुरेसा असतो आणि नॅकच्या कामाला त्यापलीकडे सहसा काही लागत नाही. एक्सेलचे दोष मात्र ग्रंथपालाला नेमके बोचणारे आहेत. तेरा अंकी आयएसबीएन ते घातांकाच्या रूपात दाखवते, दाखल क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गाळून टाकते, आणि कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही स्वरूपात काढलेली मराठी शीर्षके फाइलवर नुसते दोनदा क्लिक करून उघडली तर अनेकदा अगम्य चिन्हांत दिसतात. फाइल ‘डेटा’ मेनूतून यूटीएफ-8 ही अक्षर-संकेतप्रणाली निवडून आत आणली आणि हे स्तंभ मजकूर म्हणून घेतले, तर तिन्ही अडचणी टळतात.

एसपीएसएस 1968 पासून समाजशास्त्रीय संशोधनात वापरात आहे आणि 2009 पासून ते आयबीएमकडे आहे. मार्गदर्शकांना त्याचे तक्ते ओळखीचे असतात, ही त्याची खरी जमेची बाजू. पण त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो, आणि कार्यशाळेतल्या संगणकावर शिकलेले कौशल्य आपल्या टेबलावर सॉफ्टवेअर नसेल तर महिनाभरात विरून जाते.

जामोवी विनामूल्य आहे, त्याची मांडणी एसपीएसएसच्या सरावाला जवळची आहे आणि आतली गणिते आर या संख्याशास्त्रासाठीच्या संगणकीय भाषेत होतात. वरच्या उदाहरणात ते काय-वर्गाचे 5.35 हे मूल्य देते. योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक पडण्याची संभाव्यता सुमारे 0.02 येते. हीच आकडेवारी थेट आरमध्ये घातली, तर उत्तर 4.91 येईल. दोन्ही बरोबर आहेत. दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या तक्त्याला आर न विचारताच येट्सची दुरुस्ती, म्हणजे मूल्य थोडे कमी करणारी सुधारणा, लावते, एवढाच फरक आहे. मौखिक परीक्षेत असा प्रश्न आला, तर कोणती बटणे दाबली हे सांगून सुटका होत नाही.

आर शिकायला वेळ लागतो आणि पहिले काही आठवडे स्वल्पविराम शोधण्यातच जातात. ज्यांना संदर्भग्रंथमिती, म्हणजे प्रकाशनांचा आणि त्यांच्या उद्धरणांचा संख्यात्मक अभ्यास, करायची आहे, त्यांनी तरीही ते मनावर घ्यावे, कारण नेपल्सच्या संशोधकांनी 2017 मध्ये मांडलेले बिब्लिओमेट्रिक्स हे पॅकेज त्यातच चालते. मराठी नियतकालिके मात्र स्कोपससारख्या संशोधन-लेखांच्या नोंदी ठेवणाऱ्या कोशांत फारशी नाहीत. तो अभ्यास विषय असेल तर नोंदी हातानेच कराव्या लागतील आणि मग एक्सेलही पुरते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन ग्रंथपाल होण्याआधी गणिताचे अध्यापक होते, 1948 मध्ये त्यांनी ‘लायब्रमेट्री’ची, म्हणजे ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावण्याची, कल्पना मांडली आणि 1962 मध्ये बंगळूरची डीआरटीसी (प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र) ही संस्था भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली सुरू केली. ही परंपरा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, पण आपल्या प्रबंधांतला कच्चा दुवा गणितात नसून नमुना निवडीत असतो. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या 1970 च्या तक्त्यानुसार 1000 जणांच्या समष्टीला 278 चा नमुना पुरतो, हे वाक्य जवळजवळ पाठ झालेले असते. तो तक्ता यादृच्छिक निवड, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची समान संधी, गृहीत धरतो, हे मात्र विसरले जाते. देवघेव काउंटरवर बसून भरून घेतलेल्या 278 प्रश्नावल्या फक्त ग्रंथालयात येणाऱ्यांचे मत सांगतात, आणि न येणारे का येत नाहीत हाच तर पुष्कळदा अभ्यासाचा प्रश्न असतो. विद्यार्थ्यांच्या पटावरून क्रमांक काढून निवडलेल्या 100 जणांना वर्गात जाऊन गाठणे कष्टाचे आहे, पण त्यातून निघालेली साधी टक्केवारीसुद्धा काउंटरवरच्या काय-वर्ग चाचणीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते. हे चारही साधनांपैकी कोणतेच शिकवत नाही. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर ते सॉफ्टवेअरच्या कार्यशाळेऐवजी संशोधन आराखडा आणि प्रश्नावली रचना शिकवणाऱ्या अभ्यासक्रमावर करावेत, असे माझे मत आहे.

नॅकचे मूल्यांकन दोन महिन्यांवर असेल, तर एक्सेल सोडून दुसरीकडे पाहू नये. पीएच.डी.ची नोंदणी नुकतीच झाली असेल, तर जामोवीपासून सुरुवात करावी. मार्गदर्शकांनी एसपीएसएसचाच आग्रह धरला तरी काही बिघडत नाही, कारण एसपीएसएसच्या फाइली जामोवीत थेट उघडतात, आणि तेच विश्लेषण दोन्हीकडे करून आकडे जुळतात का हे त्यांच्यासमोरच दाखवता येते.